आठशेचे नऊशे साठ

सन दोन हजार दोनमध्ये चंद्रपुरात लग्नाची कॅसेट बनवून देणारे सात-आठ जण तरी होते. त्यातले बहुतेक जण गिऱ्हाईकाला महिना-दीड महिना फिरवायचे आणि वर चहाही त्याच्याकडूनच घ्यायचे. आठ दिवसांत कॅसेट हातात ठेवणारा एकच होता, नदीम शेख. जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत, टेलरच्या दुकानावरच्या खोलीत, त्याची मिक्सिंग लॅब होती. लॅब म्हणजे काय, तर एक कॉम्प्युटर, दोन टीव्ही, एक व्हीसीआर आणि खिडकीत बसवलेला भलामोठा कूलर. पण पाटीवर लॅब लिहिलं होतं म्हणून लोकही लॅबच म्हणायचे.

नदीमचे वडील गफ्फारभाई रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचा एक नियम होता. रेडिओ सुरू झाला की लगेच परत द्यायचा नाही. एक अख्खा दिवस दुकानात वाजवत ठेवायचा, खरखर ऐकायची, मगच द्यायचा. लोक वैतागायचे, पण त्यांनी दिलेला रेडिओ पुन्हा दुकानात आलेला कुणी पाहिला नाही. आणि अशा माणसाच्या पोटी हा नदीम! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो नमुना. शाळेत गणित पूर्ण वाचायच्या आत उत्तर लिहायचा. दहापैकी सात वेळा ते बरोबर यायचं, हेच त्याचं दुर्दैव. सगळी चुकली असती तर माणूस वेळीच सुधारला असता.

आयटीआय झालं, टीव्ही दुरुस्तीत चार वर्षं गेली, मग कॉम्प्युटर आला आणि नदीमला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. कुणी शिकवलं नाही. उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून तो शिकला. लटारू नावाचा मूल गावाकडचा एक फोटोग्राफर होता, त्याच्याशी त्याचं जमलं. लटारूनं लग्नाचं शूटिंग करायचं, कॅसेट नदीमला आणून द्यायची, नदीमनं ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची आणि रिकामी झालेली कॅसेट लगेच लटारूला परत करायची. तीच कॅसेट पुढच्या लग्नात. आदल्या लग्नावर दुसरं लग्न चढायचं. धंद्यात सगळेच असं करायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आपलं लग्न आता फक्त त्या पेटीत आहे, हे गिऱ्हाईकाला कुठे माहीत असायचं?

त्या मे महिन्यात मुहूर्त दाट होते. लटारू एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत होता आणि नदीमकडे लग्नांचा ढीग पडला होता. लग्न जोडून झालं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, नवरीचा चेहरा बदामात बसवून फिरवला, की मग कॉम्प्युटर ते सगळं शिजवून पक्कं करतो. त्याला रेंडर म्हणतात. दोन तासांच्या लग्नाला पंधरा तास लागायचे. त्यात चौदाव्या तासाला लाइन गेली की पहिल्यापासून सुरुवात. विजेचं केंद्र उशाशी असून चंद्रपूरची लाइन जायची, यावर तर लोकांनी हसणंसुद्धा सोडून दिलं होतं.

एका रविवारी ऊर्जानगरहून गुणवंतराव आले. वीज केंद्रात ते मीटर आणि यंत्रांच्या काट्यांचं काम बघायचे, आणि कॉम्प्युटरचा नाद त्यांना नदीमइतकाच. फरक एवढाच, की गुणवंतराव कुठलंही बटण दाबण्याआधी त्याचं पुस्तक वाचायचे. नदीमची रड ऐकून त्यांनी खिशातून सायबर कॅफेत छापलेले चार कागद काढले.

"नवा प्रोसेसर काऊन घेतं? याच्यातच दम हाय," ते म्हणाले. "आठशेवर चालून राह्यला ना? साडेनऊशेवर पळवता येते. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याले. पण दोन रस्ते हायेत. कोणता घ्याचा, ते पह्यले समजून घे."

"सांगा ना, भाऊ. जो जल्दी होईन तो."

"थांब ना जरा. तुनं धानाची गिरणी पाह्यली हाय का नाई? एक इंजिन, एक लांब दांडा, अन् दांड्यावर पट्टे. एका पट्ट्यावर धान सोलाचं मशीन, दुसऱ्यावर चाळणी. तू इंजिनच जोरात केलं, तं सोलणी जोरात होते, बरोबर. पण चाळणीबी तेवढ्याच जोरात हालते. चाळणी त्या चालीसाठी बनलीच नाई. मंग ते फाटते, अन् तांदळात कोंडा जाते. गिरणीवाल्याले दिसतबी नाई. हा झाला बसचा रस्ता. बस म्हणजे कॉम्प्युटरातला तो दांडा."

"अन् दुसरा?"

"इंजिनले हात लावाचा नाई. फक्त सोलणीची पुली बदलवाची. सोलणी जोरात, बाकी सगळं आपल्या चालीनं. हा झाला मल्टिप्लायरचा रस्ता. तुही हार्डडिस्क चाळणीच्या जागी हाय, ध्यानात ठेव. लोकाईचे लग्नं हायेत तिच्यात."

पुली बदलण्याची रीत मात्र नदीमला ऐकूनच घाम फोडणारी होती. प्रोसेसरच्या पाठीवर मोहरीएवढ्या जागेत चार सोनेरी रेघा असतात, मधे तुटलेल्या. साध्या पेन्सिलीनं त्या जोडायच्या. चौथीतल्या पोराची पेन्सिल चालते, फक्त शेजारच्या रेघेला टोक लागू द्यायचं नाही. त्या जुळल्या की आठपटीच्या जागी साडेनऊपटीची पुली लागते. पण तिथवर पोचायला प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढावा लागतो आणि त्याची क्लिप भारी खुनशी. स्क्रूड्रायव्हर घसरला की प्रोसेसरचा कोपरा उडतो आणि तो कायमचा जातो. नदीमकडून एप्रिलमध्ये तेच झालं होतं. नागपूरहून नवा यायला सहा दिवस लागले होते. भर सीझनमध्ये सहा दिवस मशीन बंद, हे त्याला मरणाइतकंच नको होतं.

आणि बसचा रस्ता? मशीन सुरू होताना एक बटण दाबायचं, निळ्या पडद्यावर बसची चाल शंभरच्या जागी एकशे वीस करायची. झालं. आठशेचे नऊशे साठ. ना क्लिप, ना पेन्सिल.

"करतो, भाऊ, पेन्सिलनं करतो. लग्नं सरले का आरामात करतो," असं तो गुणवंतरावांना म्हणाला. गुणवंतरावांची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत त्यानं एकशे वीस करून टाकलं होतं.

अगदीच आंधळेपणानं केलं असं नाही. त्यानं तपासणी केली, पण ती चंद्रपूरच्या माणसासारखी. इथल्या माणसाला मशीनचा एकच आजार ठाऊक, गरमी. फ्रिज गेला गरमीनं, टीव्ही गेला गरमीनं, स्कूटर बंद पडली गरमीनं, शेजारी चिडला तरी गरमीच. सत्तेचाळीस डिग्रीत याच्यापलीकडे दुसरं काय सुचणार? आणि उपायही एकच, कूलर. नदीमनं पेटीचं झाकण काढलं, कूलरच्या ओल्या वाऱ्याच्या थेट तोंडात कॉम्प्युटर ठेवला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक लग्न शिजवलं. एकदाही हँग झालं नाही. त्यानं ठोकळ्यावर हात ठेवला, तर माठासारखा गार. "पास!" तो एकटाच ओरडला. प्रोसेसर खरंच पास झाला होता. डिस्कची परीक्षा घ्यायची असते हे त्याच्या गावी नव्हतं, कारण तिचा आजार गरमीचा नव्हताच. तिच्याकडे जाणारा पट्टा वेगात फिरत होता आणि ती गारेगार वाऱ्यात बसून गुपचूप चुकीचं लिहीत होती.

लक्षणं दिसली नाहीत असंही नाही. महिन्याच्या शेवटी मशीन सुरू होताना आपणहून डिस्क तपासायला लागलं. नदीमनं लाइनला शिव्या दिल्या. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अर्धा सेकंद हिरवे चौकोन नाचून गेले. गिऱ्हाईकाला तो इफेक्ट वाटला. "भारी टाकलं राव!" म्हणून तो खूष होऊन गेला. नदीमही हसला. गफ्फारभाई असते तर त्यांनी त्या हसण्याबद्दल कानाखाली दिली असती.

त्याच ढिगात सुरेंद्रचं लग्न होतं.

सुरेंद्र चिमूरकडच्या एका तळ्याकाठच्या गावचा, ढिवरांचा पोरगा. तळ्यात जाळं टाकायचा आणि मायसोबत थोडा धान पेरायचा. बाप नव्हता. मायचं नाव गिरजाबाई, आणि बायको करून आणली ती दामिनी. चौदा मेला लग्न झालं आणि पंधरा दिवसांनी सुरेंद्र स्वतः लॅबमध्ये आला, हातात पळसाच्या पानात बांधलेले मासे घेऊन. आपलं लग्न टीव्हीवर दिसणार याचंच त्याला अप्रूप.

"माहं घाईनं नोको करू, नदीमभाऊ," तो म्हणाला. "आमच्या घरी टीव्हीच नाई. कोणाच्या इथी जाऊन पाहाचं हाय. तू मस्त गाणे टाक. दोन महिने लागले तं लागू दे."

बोलणाऱ्याची बोरंही खपतात आणि गप्प बसणाऱ्याचे आंबेही पडून राहतात. जे गिऱ्हाईक जिन्यावरूनच ओरडत यायचं त्याचं लग्न वर गेलं, आणि ज्यानं मासे आणून हसून सांगितलं त्याचं तळाला. जागा करायला म्हणून नदीमनं सुरेंद्रच्या लग्नाच्या फाइली एका डिस्कवरून दुसरीवर हलवल्या आणि पहिल्या पुसून टाकल्या. हलवलेल्या उघडून पाहिल्या नाहीत. पाच मिनिटं लागली असती. जुलैत सुरेंद्र पुन्हा एकदा येऊन गेला. तेव्हाही हसला आणि तेव्हाही घाई नाही म्हणाला.

ऑगस्टच्या अखेरीस दोन बायका जिना चढून आल्या. पुढची पन्नाशीची, उन्हातान्हात रापलेली, मागची कोवळी, पांढऱ्या कपाळाची. कपाळाकडे लक्ष जाताच नदीम खुर्चीतून उठला.

"मी सुरेंद्रची माय," पुढची म्हणाली. "ताप आलता त्याले. मलेरिया डोक्यात गेला. तेरवी झाली परवा."

 नदीमनं दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. दामिनीनं पेला हातात धरला, प्यायली नाही.

"फोटो हाय आमच्याजवळ," गिरजाबाई म्हणाली. "पण फोटोत तो उभा हाय नुसता. वरातीत नवे बूट घातले होते त्यानं, जिंदगीत पह्यल्यांदा. चावत होते त्याले. तरी असा ऐटीत चालला, का मी हासून हासून... तेवढं चालनं पाहाचं हाय मले. गुरुजीच्या घरी टीव्ही हाय. ते लावून देतो म्हणले."

"आठ दिवसानं या, बाई," नदीम म्हणाला. हे वाक्य तो हजार वेळा बोलला होता.

त्या गेल्या आणि त्यानं सुरेंद्रचं लग्न काढलं. चार फाइली होत्या. हळदीची उघडली, थोडी चालली, मग चित्राचे चौकोन झाले आणि पडदा काळा. लग्नाची उघडलीच नाही. जेवणावळीची उघडली, त्यात नुसता आवाज होता, तोही चिरकलेला. वरातीची फाइल दिसत होती, नाव होतं, आकार होता, आत एकही चित्र धड नव्हतं. नदीमनं पुन्हा उघडून पाहिली. पुन्हा पाहिली. मग गिरणीतली फाटकी चाळणी त्याला आठवली.

तो तसाच लटारूकडे गेला. लटारूनं वही काढली. सुरेंद्रच्या वरातीच्या कॅसेटवर त्यानंतर पाच लग्नं चढली होती, शेवटचं मूलच्या एका शिक्षकाचं. लटारूनं डोकं खाजवलं.

"असं कर," तो म्हणाला. "माह्यी कॅसेटच खराब निघाली म्हण. माह्या नावावर टाक. दोन-चार लोक मले बोलतीन, बस. तुह्या लॅबचं नाव कायले खराब करतं?"

खरं सांगायचं तर नदीमला त्या क्षणी फार बरं वाटलं. रस्ता सोपा होता, दोन मिनिटांचा होता. घरी येईपर्यंत त्यानं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव आले. नदीमनं सगळं सांगितलं. ते रागावतील, चार शब्द सुनावतील अशी त्याची अपेक्षा होती, आणि त्यानं त्याला हलकंही वाटलं असतं.  पण त्यांनी आधी बस शंभरवर आणला आणि मशीन बंद केलं. मग स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून क्लिप अलगद सोडवली, ठोकळा काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि खिशातल्या पेन्सिलीनं चार रेघा जोडल्या. ठोकळा परत बसवला. मशीन साडेनऊशेवर सुरू झालं. नदीमची नजर घड्याळावर होती. सगळं मिळून बारा मिनिटं झाली होती.

"आता डिस्कवर काई नोको लिहू," निघताना ते एवढंच म्हणाले. "जे उरलं ते काढून पाहा."

नदीमनं आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. जिन्यावरून ओरडणाऱ्यांना त्यानं पहिल्यांदा परत पाठवलं. मिळतील ती सगळी सॉफ्टवेअर लावून पाहिली, फाइलीचे तुकडे एकेक करून चाळले. वरातीतलं काहीच हाती लागलं नाही, बूट नाही, चाल नाही, बँडवाल्याची एक टोपीही नाही. मिळाले ते हळदीतले चव्वेचाळीस सेकंद. तेवढे त्यानं कॅसेटवर घेतले. खाली गाणं टाकायचं का, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं टाकलं नाही.

गिरजाबाई या वेळी एकटीच आली. दामिनीला तिच्या भावानं माहेरी नेलं होतं. लटारूचं नाव घेऊन जुळवलेलं वाक्य नदीमच्या जिभेवर तयार होतं. पण बाई एसटी स्टँडवरून चालत आली होती, पायाला चिखल होता आणि आल्या आल्या तिनं टीव्हीच्या समोरची खुर्ची धरली. नदीमनं आधी कॅसेट लावली.

पडद्यावर सुरेंद्र पाटावर बसला होता. उघडं अंग, कपाळाला बांधलेल्या मुंडावळ्या, गालाला हळद. कुणीतरी बाई त्याच्या कानात हळद भरत होती आणि तो मान काढून घेत होता, हसत होता. डाव्या बाजूला दोन चौकोन लुकलुकत होते. मग त्यानं कॅमेऱ्याकडे बघून तोंड उघडलं, काहीतरी म्हणायला, आणि पडदा काळा झाला.

गिरजाबाई काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"हा तं बसूनच हाय," ती म्हणाली. "उठते कधी?"

"नाई उठत, बाई."

"वरातीचं?"

"नाई राह्यलं. एवढंच हाय."

ती वळली नाही. नदीमनं लटारूचं वाक्य गिळलं. मशीन जोरात पळवायचा एक सोपा रस्ता होता आणि एक सावकाश, पेन्सिलीचा, हे त्यानं तिला सांगितलं. धानाच्या गिरणीचंही सांगितलं, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही. ऐकता ऐकता ती मान हलवत होती. तिला कितपत कळलं कोण जाणे. तो थांबल्यावर तिनं एकच विचारलं.

"असं होईन, हे तुले मालूम होतं?"

कूलर बंद होता. खाली टेलरचं मशीन चाललं होतं. नाही म्हणायला काय लागत होतं?

"हो," नदीम म्हणाला. "सांगतलं होतं मले."

आता ही बाई शिव्याशाप देईल, छाती पिटेल, या विचारानं तो भिंतीला टेकला. गिरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. 

"मलेबी सांगतलं होतं," ती म्हणाली. "नर्सबाईनं. सुई टोचून रक्त पाह्यलं, अन् म्हणली, आजच चिमूरले न्या, थांबू नोका. रोवण्याच्या बाया आल्या होत्या. धानाचे पऱ्हे उपटून ठेवले होते, सुकले असते. मीच म्हणली त्याले, दोन दिवस गोळ्या घे, बांधीतलं रोवणं आटपू, मंग जाऊ. तो बिचारा हो म्हणला. तो कोणालेच नाई म्हणे ना."

नदीम रडला. त्याला रडताना बघून ती रडली नाही. तिनं टीव्हीकडे बोट केलं.

"लाव पुन्हा," ती म्हणाली.

नदीमनं कॅसेट मागे घेतली आणि लावली.